फर्ग्युसनच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फर्ग्युसन हे अमेरिकेत सेंट लुइसजवळचं गाव. तिथे 2014 मध्ये एका पोलीस अधिकाऱ्याने मायकेल ब्राऊन या कृष्णवर्णीय मुलाला गोळी घालून मारलं, त्यावर माझा लेख होता. त्याबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत: मी एकच बाजू मांडली, गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्यावर अमेरिकेच्या न्याय खात्यानेही खटला भरला नाही हे लिहिलं नाही, आणि कायद्याने वागणाऱ्या आपल्या भारतीय लोकांचा यात संबंध काय.

खटल्याबद्दलची तक्रार रास्त आहे. मायकेल ब्राऊनने शरण येत हात वर केले होते, असं मी ठामपणे लिहिलं होतं. मार्च 2015 च्या अहवालात न्याय खात्याने तसं सांगणाऱ्यांच्या साक्षी विश्वासार्ह मानल्या नाहीत. लेखात आजच दुरुस्ती केली आहे.

पण त्याच दिवशी त्याच खात्याचा दुसरा अहवाल आला, फर्ग्युसनच्या पोलिसांच्या आणि कोर्टाच्या कारभारावर. तोही वाचा. तेव्हा जेमतेम 21,000 वस्तीचं गाव, त्यात 67 टक्के कृष्णवर्णीय. अटक झालेल्यांत मात्र ते 93 टक्के. पोलिसांचा कुत्रा ज्यांना चावला, त्यांच्यापैकी ज्यांचा वंश नोंदलेला होता ते झाडून सगळे कृष्णवर्णीय.

त्या अहवालातली एका बाईची हकीकत तर माझ्या डोक्यातून जात नाही. 2007 मध्ये तिने गाडी चुकीच्या जागी लावली. दंड 151 डॉलर आणि वर कोर्टाचे आकार. पैसे जमेनात, तारखा चुकल्या, वॉरंट निघालं. सहा दिवस कोठडीत काढले, 550 डॉलर भरले, तरी 2014 च्या डिसेंबरात 541 डॉलर बाकीच. इथे सेंट लुइसजवळ माझीही एकदा वेगाची पावती फाडली होती. मी त्याच रात्री कार्डाने पैसे भरले आणि विसरून गेलो, कारण खात्यात पगार होता. फर्ग्युसनच्या कोर्टाने 2013 या एका वर्षात 9,000 हून जास्त वॉरंट काढली. दंडवसुली वाढवा, असा पोलिसांमागे शहराच्या अधिकाऱ्यांचाच तगादा होता.

रस्त्यात चुकीच्या पद्धतीने चालणं हाही तिथे तेव्हा दंडाचा गुन्हा होता, आणि तो लागलेल्यांत 95 टक्के कृष्णवर्णीय. 9 ऑगस्ट 2014 च्या त्या दुपारी अधिकाऱ्याने मायकेलला आणि त्याच्या मित्राला हटकलं तेही रस्त्याच्या मधून चालू नका म्हणूनच. मायकेलची आधीची दुकानातली चोरी आणि नंतरची अधिकाऱ्याशी झटापट मी नाकारत नाही. पण त्या 18 वर्षांच्या मुलाचा मृतदेह चार तास रस्त्यावर पडून होता, आणि तो बघत उभे असलेले शेजारी या पोलिसांना वर्षानुवर्षं ओळखत होते.

राहिला आपल्या लोकांचा प्रश्न. फेब्रुवारी 2015 मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात, नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले 57 वर्षांचे आजोबा सकाळी घराजवळ फेरी मारत होते. कुणीतरी पोलिसांना फोन करून सांगितलं, एक सडपातळ कृष्णवर्णीय माणूस फिरतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. अधिकाऱ्याने त्यांना जमिनीवर आपटलं, मणक्याला इजा होऊन हातपाय काही प्रमाणात लुळे पडले. अधिकाऱ्यावरच्या खटल्यात दोन वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. माझी आई दर उन्हाळ्यात इथे येते. तिलाही इंग्रजी येत नाही आणि पहाटेच्या फेरीशिवाय तिला चैन पडत नाही.