कारागीर कोरतात म्हणे! फोटो-लॉकेटच्या जाहिरातीला एका लेझरवाल्याचं उत्तर

राखी तोंडावर आली की एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे, सांगणं तेच: "तुमच्या माणसाचा फोटो आमचे कुशल कारागीर तासन्‌तास बसून हाताने कोरतात. १८ कॅरेट सोनं, आयुष्यभर रंग जाणार नाही. रंगीत फोटो अस्सल मीनाकारीत. हिऱ्यात नॅनो तंत्राने कोरलेला फोटो मोबाईलच्या उजेडात भिंतीवर दिसतो. खास तुमच्यासाठी बनवल्यामुळे परत घेतलं जाणार नाही." सोबत व्हिडिओ. चष्म्यातले आजोबा, हातात बारीक छिन्नी, मागे बासरी.

सराफ बाजारामागच्या गल्लीत मी हेच काम करतो. माझ्याकडे बासरी नाही. वीस वॉटचं फायबर लेझर आहे, एक जुना कॉम्प्युटर आहे आणि धूर ओढायला पंखा.

"हाताने कोरतात" हे आधी घेऊ, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. तुम्ही फोटो पाठवता. तो कृष्णधवल होतो आणि मग त्याचे ठिपके होतात, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. यंत्रातले दोन छोटे आरसे किरण इकडून तिकडे नाचवतात आणि पदकावर एकेक ओळ उमटत जाते. इंचाला ३०० ओळी धरल्या तर २५ मिलिमीटरच्या पदकावर साधारण २९५ ओळी होतात. माझ्या यंत्रावर याला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात चहा पिऊन होतो. स्टीलवर तर पुष्कळदा कोरणंही नसतं. किरणाच्या उष्णतेने पृष्ठभागावर ऑक्साइडचा काळसर थर येतो, तोच फोटो. बोट फिरवून बघा, हाताला काही लागत नाही.

मेहनत आहे, पण ती माउसवर. परवा एकजण आजीचा फोटो घेऊन आला. लग्नातला ग्रुप फोटो, आजी तिसऱ्या रांगेत, ट्यूबलाइटचा उजेड डोक्यावरून पडलेला. धातूला काळं आणि उजळ एवढंच कळतं, त्यामुळे हनुवटीखालची सावली तशीच ठेवली असती तर आजीला दाढी आली असती. कुंकू आणि कपाळ एकाच करड्या रंगात जात होतं, ते वेगळं काढावं लागलं. चष्म्यावरची चमक पुसली, पण बुबुळातला पांढरा ठिपका मुद्दाम राखला. तो गेला की डोळ्यांच्या जागी भोकं दिसतात. याला पाऊण तास गेला. हे कसब जाहिरातीत कुणी सांगत नाही, आजोबाच दाखवतात.

धातूवर हाताने चेहरा काढणं आपल्याला नवं नाही म्हणा. देवघरातले टाक आहेतच. पण टाकावरचा खंडोबा ओळखू येतो तो घोड्यावरून, खड्गावरून, शेजारच्या म्हाळसेवरून. तो अमक्यासारखा दिसावा अशी कुणाची अपेक्षा नसते. हुबेहूब माणूस हाताने उतरवणारेही जगात आहेत. इटलीत गार्दोने व्हाल त्रॉम्पियाच्या बंदुकांवर 'बुलिनो' पद्धतीचे खोदकाम करणारे भिंगाखाली ठिपका-ठिपका टोचून चित्र उभं करतात. ते काम सहाशे नव्व्याण्णव रुपयांत, तीन दिवसांत, कुरिअरसकट होत नसतं.

ओळखायचं असेल तर सोनाराकडचं दहापट भिंग लावा. ठिपके किंवा ओळी एकसारख्या अंतरावर असतील तर लेझर. छिन्नीची रेघ चकाकते, कुठे जाड होते, कुठे निमुळती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या दागिन्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत 'हँडमेड' हा शब्द कधी वापरायचा हे स्पष्ट सांगितलंय: घडण हाताच्या श्रमाने आणि हाताच्या ताब्यातल्या पद्धतीने झाली असेल तेव्हाच. बटण दाबणं त्यात बसत नाही.

"१८ कॅरेट सोनं" ही त्याहून चलाख ओळ. पुढचा 'प्लेटेड' हा शब्द बारीक टायपात असतो किंवा नसतोच. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोनं हे खरं, पण कशात ७५ टक्के? वरच्या पाण्यात, म्हणजे मुलाम्यात. आत पितळ नाहीतर स्टील. अमेरिकेत चांदीवरच्या मुलाम्याला 'व्हर्मे' म्हणायचं तर थर किमान अडीच मायक्रॉनचा हवा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). स्वस्त मालावरचा थर मायक्रॉनचा दहावा भाग असला तरी पुष्कळ. घाम, साबण, अत्तर यांच्यापुढे तो आयुष्यभर कसला टिकतो? स्टीलवरचा सोनेरी रंग तर कधीकधी टायटॅनियम नायट्राइडचा असतो. तो टिकतो चांगला, पण त्यात सोनं नाही.

आणि गंमत अशी की पाणी दिलेल्या पदकावर लेझर मारलं की वरचा थर जळून जातो आणि खालचा धातू दिसतो. त्या फरकामुळेच फोटो दिसतो. म्हणजे "सोन्यात कोरलेला" चेहरा नेमका जिथे आहे तिथलं सोनं उडालेलं असतं! खाली पितळ असेल तर काही महिन्यांत ते काळवंडतं आणि लोक मला विचारायला येतात, "दादा, हे घासून निघेल का?" घासलं तर उरलेलं पाणीही जातं.

दागिना खरंच सोन्याचा असेल तर त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण, १८के७५० असा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक शोधा. तो बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही, तिथे पक्कं बिल मागा. मुलाम्याच्या मालाला सोन्याचा हॉलमार्क मिळत नाही.

मीनाकारीबद्दल फार बोलायला नको. मीना म्हणजे काचेची पूड, ती भट्टीत साधारण ७५० ते ८५० अंशांना वितळवतात. घरच्या प्रिंटरवरचा फोटो कापून वर इपॉक्सीचा (पारदर्शक राळेचा) थेंब सोडला की मीना होत नाही. सिरॅमिक रंगांचा भाजलेला फोटो असतो, पण तो विकणारा भट्टीबद्दल विचारलं की खुशीने बोलतो.

आता भिंतीवर उमटणारा फोटो. युक्ती सुंदर आहे, पण नॅनो नाही आणि हिराही नाही. काचेच्या मण्यामागे फिल्मवर किंवा काचेवर टाचणीच्या डोक्याएवढं चित्र असतं. मागून उजेड दिला की भिंग ते मोठं करतं. फ्रान्सच्या रने दाग्रों यांनी इवल्याशा भिंगाला सूक्ष्म फोटो चिकटवायच्या युक्तीचं पेटंट १८५९ साली घेतलं. डोळ्याशी धरून बघायचे ते खडे तेव्हा अंगठ्यांतही बसवत. पुढे १८७०-७१ मध्ये पॅरिसला शत्रूचा वेढा पडला, तेव्हा त्याच दाग्रोंच्या सूक्ष्म फिल्म कबुतरांच्या शेपटीला बांधून शहरात पत्रं पोचवली. एवढा रंगतदार इतिहास हाताशी असताना नॅनोच्या थापा कशाला माराव्यात, हे मला कळत नाही. अंघोळीला मात्र हे लॉकेट काढून ठेवा. गोंदात पाणी शिरलं की चित्र ढगाळतं.

राहिलं "परत घेतलं जाणार नाही". मन बदललं म्हणून नावाचं पदक परत करणं बरोबर नाही, दुकानदार त्याचं करणार काय? पण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष निघाली किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसले तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. "हाताने कोरलेलं" म्हणून विकलं आणि भिंगाखाली २९५ सरळ ओळी निघाल्या, तर तो मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. पैसे भरण्याआधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र काढून ठेवा. तक्रार गेली की 'हाताने' हा शब्द पानावरून पहिला गायब होतो. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.