नेट खाली घ्या हो

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, खेळायला नव्हे. पण जानेवारीतल्या एका सकाळी मी कानटोपी घालून इंदिरानगरच्या मैदानाला फेऱ्या मारत होतो आणि व्हॉलीबॉल खेळणाऱ्या पोरांनी हाक मारली, "काका, एक गडी कमी पडतोय. येता का?" अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कुणी 'गडी' म्हटलं की माणूस विरघळतोच.

नियम उभ्या उभ्याच कळले. एका बाजूला सहा जण, चेंडू जमिनीला टेकू द्यायचा नाही, जास्तीत जास्त तीन हात लावून पलीकडे घालवायचा. पहिलाच चेंडू माझ्याकडे आला आणि मी तो झेलला. दोन्ही हातांनी, छातीशी. वर 'आउट!' म्हणून ओरडलोही. जन्मभराचं क्रिकेट असं एका क्षणात जात नाही.

"काका, पकडायचा नाही! हात जोडा, कोपरं सरळ ठेवा, मनगटाच्या वर घ्या." मी हात जोडले. चेंडू जेमतेम पावणेतीनशे ग्रॅमचा. पण नाशिकच्या थंडीत उघड्या हातावर बसला की पाचवीतले गणिताचे मास्तर आठवतात. तिथून तो लिफ्टरकडे, म्हणजे चेंडू वर उचलून देणाऱ्या गड्याकडे, जायला हवा होता. गेला कडुलिंबावर.

मग सर्व्हिस आमच्याकडे आली की प्रत्येकाने एक घर सरकायचं. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, म्हणजे प्रदक्षिणेच्याच दिशेने. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी न चुकवणारा मी, इथे मात्र उलटा निघालो आणि समोरून येणाऱ्या सव्वासहा फुटी पोराच्या बरगडीत शिरलो. माझी सर्व्हिस तर नेटपर्यंतही पोचली नाही. पुढच्याच गड्याच्या मानेवर बसली, आणि तो आमचाच होता.

घरी हाताला तेल चोळत खेळाचा इतिहास वाचला आणि माझं डोकंच फिरलं. १८९५ साली अमेरिकेत होल्योक गावी विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ काढला तो कुणासाठी? बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या, वय झालेल्या व्यावसायिकांसाठी! म्हणजे माझ्यासाठीच की! नेट साडेसहा फुटांवर, साध्या माणसाच्या डोक्याच्या जरासं वर. नंतर तरण्या पोरांनी ते पुरुषांसाठी २.४३ मीटरवर, म्हणजे जवळजवळ आठ फुटांवर नेऊन बांधलं. आमच्यासाठी मांडलेल्या पंगतीत भलतेच लोक बसले आणि ताटही फळीवर ठेवून दिलं.

पुढच्या रविवारी तरीही गेलो. (नंतरची मिसळ हे एक कारण आहे, नाकारत नाही.) रात्री कुणीतरी दोरी सैल सोडली होती, नेट मध्ये चांगलंच लोंबलं होतं. दोघं ताणायला धावले.

"राहू दे रे," मी म्हटलं, "मॉर्गनसाहेबांनी एवढ्यावरच बांधलं होतं."

आणि दोरीवर पाय देऊन उभा राहिलो.