नजर वळवली म्हणजे लक्ष नाही, असं नसतं

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांच्या पालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला वारंवार येतो. शब्द बदलतात, आशय तोच. या मुलांना माणसांत रस नसतो, म्हणून ती डोळ्यांत बघत नाहीत. हनुवटी धरून आधी नजर मिळवा, बाकीचं मागून येईल. आवाजाला घाबरत असतील तर लग्नं, मिरवणुका चुकवू नका, सवयीने भीती मोडते. मी विशेष शिक्षिका आहे. हा सल्ला इमानेइतबारे पाळून दमलेली मुलं आणि स्वतःलाच दोष देणाऱ्या आया मला भेटतात, म्हणून हे उत्तर.

"डोळ्यांत बघत नाही, म्हणजे माणसांत रस नाही."

यातलं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष चुकीचा. वॉरन जोन्स आणि अमी क्लिन या संशोधकांनी तान्ह्या बाळांच्या नजरेचा माग काढला आणि २०१३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात तो मांडला. ज्यांना पुढे ऑटिझमचं निदान झालं, ती बाळंही दोन महिन्यांची असताना इतरांसारखीच डोळ्यांकडे बघत होती. ते बघणं दोन ते सहा महिन्यांच्या काळात कमी होत गेलं. म्हणजे माणसांकडे पाठ फिरवूनच मूल जन्माला येतं, हे खरं नाही.

कमी का होतं, यावर एकमत नाही. २०१७ साली नूशीन हाजिखानी यांच्या गटाला असं दिसलं की, चेहऱ्यातल्या फक्त डोळ्यांवर नजर ठेवायला लावली तर ऑटिझम असलेल्यांच्या मेंदूतले भावना हाताळणारे खोल भाग जास्त चेतवले जातात. त्याच वर्षी क्लिन-जोन्स यांच्या गटाने दोन वर्षांच्या मुलांवर काम केलं. ती मुलं डोळ्यांपासून नजर पळवत नव्हती. डोळ्यांतून काही कळतं, हेच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्यामुळे 'डोळ्यांत बघणं प्रत्येकाला टोचतंच' असंही मी म्हणणार नाही. वय वेगळं, मूल वेगळं, कारणही वेगळं असू शकतं. मात्र 'बघत नाही म्हणजे ऐकत नाही' हे यांपैकी एकाही अभ्यासातून निघत नाही.

शिवाय अवघड हिशेब विचारला की आपण सगळेच छताकडे बघतो. समोरचा चेहरा वाचण्यात मेंदूची ताकद जाते, ती विचारासाठी मोकळी करायची असते. ग्वेनेथ डोहर्टी-स्नेडन यांच्या अभ्यासात ऑटिझम असलेली मुलंही विचार करताना अशीच नजर वळवत होती. वर्गात खिडकीकडे बघत बसलेल्या मुलाला गोष्टीतला प्रश्न विचारून बघा. बोलता येत नसेल तर चित्रकार्डं पुढे ठेवा. बरोबर कार्डावर बोट ठेवणारी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत.

"हनुवटी धरून नजर मिळवा."

शुलमाइट ग्रीन आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमध्ये ऑटिझम असलेल्या मुलामुलींना मनापासूनची आणि टोमण्याची अशी दोन्ही वाक्यं ऐकवली. ऐकताना हातावर खरखरीत स्पर्श चालू ठेवला, तर मेंदूतल्या भाषेशी संबंधित भागांचं काम मंदावलं. पण 'चेहऱ्याकडे आणि आवाजाच्या सुराकडे लक्ष दे' असं स्पष्ट सांगितल्यावर मेंदूचा पुढचा भाग जास्त कामाला लागला. माझ्या मते पालकांनी यातून घ्यायचं ते इतकंच, की आधी त्रास कमी करा आणि कशाकडे लक्ष द्यायचं ते सरळ शब्दांत सांगा. हनुवटी धरणं म्हणजे त्रासात आणखी एका नको असलेल्या स्पर्शाची भर. अशा वेळी मिळालेली नजर फोटोत छान दिसते, पण तेव्हा मूल ऐकत असेलच असं नाही.

"स्वतः दिवसभर ताटल्या आपटतो, मग कुकरच्या शिटीला कान का झाकतो? नाटकं आहेत."

याचं उत्तर ऑटिझमवरच्या अगदी सुरुवातीच्या लेखात आहे. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ साली अकरा मुलांबद्दल लिहिलं. व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, अंडी फेटायचं यंत्र, वाहतं पाणी, असल्या गोष्टींनी ती मुलं घाबरत. आणि कॅनर यांनी तिथेच नोंदवलं की तेवढाच मोठा आवाज मूल स्वतः आनंदाने करतं. अंगावर चालून येणारा आवाज आणि आपल्या हातातला आवाज मेंदूला सारखा नसतो. शिटी कधी होणार ते माहीत नसतं. ताटली कधी आपटायची ते मूल ठरवतं. इतकी जुनी नोंद असूनही निदानाच्या अमेरिकी निकषांत (डीएसएम-५) संवेदनांचा हा भाग यायला २०१३ साल उजाडलं, याचं मला वाईट वाटतं.

"सवय झाली की भीती मोडते."

इथे सर्वांत जास्त नुकसान होतं. ग्रीन यांच्याच २०१५ च्या अभ्यासात मुलांना रहदारीचा आवाज आणि खरखरीत लोकरीचा स्पर्श पुन्हा पुन्हा दिला. इतरांच्या मेंदूचा प्रतिसाद हळूहळू उतरला. ऑटिझम असलेल्यांपैकी ज्यांना संवेदनांचा त्रास जास्त, त्यांच्या मेंदूत धोक्याची जाणीव देणाऱ्या भागाचा प्रतिसाद तसा उतरलाच नाही. म्हणजे सवय होण्याची यंत्रणाच तिथे वेगळी चालते. अशा मुलाला विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशाच्या पथकासमोर उभं करणं हा सराव नव्हे. मूल तासाभराने शांत झालं, तर ते सरावलं की गप्प होऊन आत मिटलं, हे आधी बघा. जायचंच असेल तर लांब थांबा, काय काय होणार ते आदल्या दिवशी चित्रांतून दाखवा आणि 'पुरे' म्हणायचा हक्क मुलाकडे ठेवा. ढोलावर स्वतः काठी मारायची असेल तर जरूर मारू द्या.

"कानांवर हेडफोन म्हणजे लाड."

चष्म्याला आपण लाड म्हणत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे. त्याच्या कलम १६ नुसार शासकीय, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची असते. 'इतर मुलं विचारतील' म्हणून शाळा हेडफोनला नकार देत असेल, तर लेखी अर्ज करा, त्यात हे कलम लिहा आणि पोच घ्या.