साचा झिजला की स्टीललाच का शिव्या?

भट्टीच्या अस्तरासाठी रिफ्रॅक्टरी (उष्णता सोसणाऱ्या) विटा दाबणाऱ्या प्रेसवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरतोय: "रिफ्रॅक्टरी विटेचा साचा लवकर झिजतो, कारण लायनरचं स्टील मऊ. कडकपणा रॉकवेल 58 वरून 62 करा, वर प्रेसचा दाब वाढवा. वीट घट्ट निघेल, साचा दुप्पट चालेल."

लायनर म्हणजे साच्याच्या आतल्या भिंतींना लावलेल्या, बदलता येणाऱ्या स्टीलच्या पाट्या. आधी कडकपणाचं बघू. रॉकवेल 58 म्हणजे विकर्सच्या मापात साधारण 650, आणि 62 म्हणजे 750 च्या घरात. समोर विटेच्या मिक्समधला दाणा कोणता? क्वार्ट्झ 1100 च्या आसपास, फ्यूज्ड अ‍ॅल्युमिना 2000 च्या. त्या दाण्याला दोन्ही स्टीलं मऊच. थोडा फरक पडतो, नाही म्हणत नाही, पण दुप्पट कुठून आणलं? डी2 हे साच्यांचं स्टील टिकतं ते त्यातल्या 12 टक्के क्रोमियममुळे तयार होणाऱ्या कार्बाइडच्या कणांच्या जोरावर. नुसता रॉकवेल वाढवत नेलात तर कोपऱ्यांचे टवके उडतील. त्याच लायनरवर मॅग्नेशियाचा मऊ दाणा दाबा, कितीतरी जास्त विटा निघतात. मग दोष स्टीलचाच कसा?

दाबाचा सल्ला तर उलटाच आहे. 230 × 115 मिलिमीटरच्या विटेवर चौरस सेंटिमीटरला 1000 किलो धरले, तरी प्रेसला 264 टनांहून जास्त जोर लावावा लागतो. तो सगळा खाली पोचत नाही, भिंतीशी घासून वाटेत मुरतो. म्हणून एकाच बाजूने दाबलेली वीट पंचाकडे (दाबणाऱ्या ठोकळ्याकडे) घट्ट आणि लांबच्या टोकाला पोकळ राहते. दाब वाढवला की भिंतीवरची घासणी वाढते, म्हणजे झीजही. आत कोंडलेली हवा दबून बसते आणि पंच उचलला की वीट फुगून पापुद्रे सुटतात. पहिला दाब हलका द्या, हवा जाऊ द्या, मग पूर्ण जोर लावा. जमत असेल तर दोन्ही बाजूंनी दाबा.

झीज होते कुठे, हे त्या मेसेजमध्ये नाहीच. आमच्याकडे एकदा विटांच्या कडा फाटून येऊ लागल्या. आठवडाभर आम्ही मिक्समध्ये दाणे चिकटवणारी मळी वाढवत बसलो (आणि एकमेकांवर डाफरत). शेवटी एकाने साच्यात इनसाइड मायक्रोमीटर घातला. वीट दाबली जाते तो पट्टा वरच्या तोंडापेक्षा जवळपास मिलिमीटरभर रुंद निघाला. तिथे वीट पोटात फुगून बनायची आणि बाहेर काढताना न झिजलेल्या अरुंद तोंडातून रेटली जायची. कडा फाटणारच! मळीचा काहीच संबंध नव्हता.

पंच आणि लायनरमधली फटही बघा. बारीक पीठ तिथे शिरलं की प्रत्येक स्ट्रोकला पॉलिश पेपर फिरतो. लायनर बदलला आणि झिजलेला पंच तसाच ठेवला, तर नवं 62 चं स्टीलही त्याच फटीपाशी चरे घेऊन बाहेर येतं.