रक्तात असतं की संगोपनात? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रॉटवायलर, पिटबुलसारख्या ताकदवान जातींचं कुत्रं चावरं होतं ते रक्तापेक्षा संगोपनामुळे, असं मी आधी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप असा: ‘रॉटवायलर, पिटबुल प्रेमाने वाढवले तरी रक्तातलं बाहेर येतंच. आमच्या परिचितांचा रॉटवायलर दोन वर्षं शांत होता, मग घरातल्याच माणसाला चावला. तुम्ही संगोपनाच्या नावाखाली दिशाभूल करताय.’

यातलं निम्मं मला मान्य आहे. ‘कुत्रं चावेल का’ आणि ‘चावलं तर किती इजा होईल’ हे दोन वेगळे प्रश्न मी एकत्र कालवले, ती चूक माझी. इजेचा प्रश्न जातीशी थेट जोडलेला आहे. 45 किलोचं कुत्रं पकडून झटके देऊ लागलं तर जिवावर बेतू शकतं. तीन किलोचा चिवावा रोज चावला तरी बातमी होत नाही. (पिटबुलच्या जबड्याला ‘कुलूप’ लागतं ही मात्र निव्वळ दंतकथा.)

चावेल की नाही, यात जातीचा वाटा लहान आहे. 2022 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासात 18 हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासली गेली. वागण्यातल्या फरकांपैकी साधारण नऊ टक्केच फरक जातीने उलगडला. म्हणजे रक्त निरर्थक असं नाही, कारण भित्रेपणा आईबापांकडून उतरतो. म्हणून पिल्लू घेताना जातीच्या नावापेक्षा त्याची आई माणसांशी कशी वागते ते बघा.

आता ‘प्रेमाने वाढवलं’ याबद्दल. लाड म्हणजे संगोपन नव्हे. पिल्लू किमान आठ आठवडे आई-भावंडांत हवं. जोरात चावलं की समोरचं पिल्लू किंचाळतं, खेळ थांबतो, आणि दाताचा जोर आवरायला ते तिथेच शिकू लागतं. तीन ते चौदा आठवड्यांच्या काळात हेल्मेट, काठी, छत्री, लहान मुलं, गाड्या हे सगळं त्याच्या नजरेखालून जायला हवं. लसी पूर्ण झाल्या नसतील तर कडेवर घेऊन फिरवा. अंतर इतकं ठेवा की ते हातातला खाऊ घेईल. खाऊ नाकारला, शेपूट पायांत गेली, तर मागे सरका. ‘सवय होईल’ म्हणून पुढे ढकललंत तर भीतीच पक्की होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गुरगुरल्यावर मारणं. ओठ चाटणं, मान फिरवणं, अंग ताठरणं, मग गुरगुरणं, मग चावा, असा साधारण क्रम असतो. मार बसला की गुरगुरणं बंद होतं, भीती तशीच राहते, आणि पुढचा चावा ‘अचानक’ वाटतो. ‘मालक कोण ते कळावं’ म्हणून खाताना ताटलीत हात घालणं हीही अशीच चूक. त्याऐवजी बाजूने जाताना ताटलीत आणखी चविष्ट तुकडा टाका. माणूस जवळ येणं त्याला हवंसं वाटू लागतं.

तुम्ही सांगितलेल्या रॉटवायलरचं वय बोलकं आहे. मोठ्या जातींची कुत्री दीड ते तीन वर्षांत मनाने प्रौढ होतात, आणि आधी सहन केलेलं तेव्हा सहन करेनाशी होतात. पण आधी पशुवैद्याकडून कान, दात, कंबर आणि सांधे तपासून घ्या; दुखणाऱ्या जागी हात लागला की गरीब कुत्रंही चावतं. नंतर घरच्यांना विचारा: चावण्याआधी त्याच्याकडून काही हिसकावलं होतं का, झोपेतून उठवलं होतं का, पूर्वी गुरगुरल्यावर ओरडा बसायचा का?

तोवर मुलांसोबत त्याला एकटं सोडू नका. जाळीचं मुसकं घ्या, ज्यात त्याला तोंड उघडून धापता आणि पाणी पिता येईल. ते एकदम बांधू नका. आधी काही दिवस आत खाऊ ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, मग क्षणभर पट्टा लावा, आणि वेळ हळूहळू वाढवा.