'रोज एक पान काढा, ब्लॉक येणारच नाही' : हा सल्ला कुठे चुकतो

कॉमिक्स काढणाऱ्यांसाठी लिहिलेला एक मजकूर सध्या खूप फिरतोय. त्याचा गोषवारा असा : 'ब्लॉक आलाय, काही सुचत नाही' ही आळशी माणसाची सबब आहे. चार्ल्स शुल्झ यांनी 50 वर्षं एकही दिवस न चुकवता 'पीनट्स' ही वर्तमानपत्रातली चित्रपट्टी (स्ट्रिप) काढली. तुम्हीही रोज एक पान पुरं करा, डेडलाइन लावून घ्या, हात कधी अडणार नाही.

नव्याने काढायला लागलेली मुलं हे वाचून स्वतःलाच दोष देतात. काही जण तर काढणंच सोडतात. त्यामुळे हे नुसतं सोडून देण्यासारखं नाही.

आधी शुल्झ. 'पीनट्स' 2 ऑक्टोबर 1950 ला सुरू झालं आणि 13 फेब्रुवारी 2000 ला संपलं. जवळपास 18 हजार स्ट्रिप्स, आणि रेघ न् रेघ त्यांच्या हातची. त्यापुढे मान झुकतेच. पण 1997 च्या अखेरीस त्यांनीही पाच आठवड्यांची सुट्टी घेतली होती. शिवाय वर्तमानपत्राची स्ट्रिप छापण्याच्या कितीतरी आधी द्यावी लागते. वाचकाला रोज दिसते म्हणून ती रोजच्या रोज काढलेली असते, असं नाही.

आणि उदाहरण एकट्या शुल्झ यांचंच का? 'द फार साइड' काढणारे गॅरी लार्सन 1988 च्या अखेरीपासून वर्षभराहून जास्त काळ थांबले. 'केल्विन अँड हॉब्ज'चे बिल वॉटरसन यांनी 1991 आणि 1994 मध्ये अशा दोन लांब सुट्ट्या घेतल्या. पहिल्या सुट्टीनंतरची त्यांची रविवारची पानं उघडून पाहा : ठरीव चौकटी गेल्या, मांडणी मोकळी झाली, चित्राला श्वास घ्यायला जागा मिळाली. यांना आळशी म्हणायची कुणाची छाती आहे?

आता 'आळस' हा मुख्य आरोप. माझा सगळ्यात जास्त आक्षेप यालाच आहे, कारण त्यात कॉमिक्स बनतं कसं हेच विसरलं जातं. गोष्ट रचणं, थंबनेल (पानाचा छोटा कच्चा आराखडा), पेन्सिल, शाई, अक्षरं ही वेगवेगळी कामं आहेत आणि बऱ्याचदा ती एकाच माणसाला करावी लागतात. हात अडतो एका ठिकाणी, खोट असते दुसरीकडे.

साधं उदाहरण घ्या. जिन्यात दोघं भांडताहेत. चौथ्या चौकटीत बाईचा चेहरा काही केल्या जमत नाही. खोडून खोडून कागद खरबरीत झाला. चित्रकाराला वाटतं, आपल्याला राग काढताच येत नाही. प्रत्यक्षात बाई उजवीकडे उभी आहे आणि आधी बोलणार आहे तीच. आपण डावीकडून वाचतो, म्हणून तिच्या संवादाचा फुगा डावीकडे न्यावा लागतो, त्याची शेपटी दुसऱ्या पात्राच्या डोक्यावरून जाते आणि चेहऱ्याला जागाच उरत नाही. थंबनेलमध्ये दोघांच्या जागा बदलल्या की चौकट सुटते. 'रोज पान पुरं करा' हा नियम अशा वेळी घातक ठरतो. माणूस मागे जाऊन मांडणी पाहायच्या ऐवजी त्याच चेहऱ्यावर आणखी दोन तास घालवतो.

नुसत्या संवादाची पानं कंटाळवाणी होतात, ही अडचण तर जुनीच. त्यासाठी अमेरिकन कॉमिक्स चित्रकार वॉली वूड यांनी 22 चौकटींचे नमुने करून ठेवले होते. लॅरी हामा यांनी ते पुढे एका कागदावर जुळवले. सवय अशी असावी, नेमक्या अडचणीवर नेमका उपाय देणारी.

काही अडथळे मात्र कुठल्याही नमुन्याने सुटत नाहीत. आर्ट स्पीगलमन यांनी 'माउस' या कॉमिक्समध्ये नाझी छळछावणीतून वाचलेल्या आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली, ज्यूंना उंदीर दाखवून. त्याचा पहिला खंड 1986 मध्ये आला आणि गाजला. दुसरा आला 1991 मध्ये. त्यात त्यांनी स्वतःला रेखाटलंय : टेबलाशी बसलेले, उंदराचा मुखवटा चढवलेला, खाली प्रेतांचा ढीग. लोक प्रश्न विचारत राहतात आणि ते लहान होत होत मूल होतात, मग मानसोपचारतज्ज्ञाकडे जातात. अशी गोष्ट सांगणाऱ्याला 'बस आणि काढ' म्हणणं हा निव्वळ निर्दयपणा आहे.

राहिली डेडलाइन. ती कामाला लावते, हे खरंच. कॉमिक्सकार स्कॉट मॅक्लाउड यांनी 1990 मध्ये 24 तासांत 24 पानांचं कॉमिक्स काढण्याचा प्रयोग सुरू केला, तो आजही अनेकांचा हात मोकळा करतो, कारण चुकायची भीती बाळगायला त्यात वेळच नसतो. पण तो एका दिवसाचा खेळ आहे. हाच ताण वर्षानुवर्षं दिला की शरीर हिशेब मागतं. जपानी कॉमिक्सच्या (मांगा) साप्ताहिकांत आठवड्याला साधारण 19 पानं द्यावी लागतात, तीही हाताखाली साहाय्यक घेऊन. त्या चक्रातून आलेले योशिहिरो तोगाशी पाठीच्या दुखण्याने पुन्हा पुन्हा थांबले आणि त्यांच्या 'हंटर × हंटर' या मालिकेचे वाचक वर्षं वर्षं वाट पाहत राहिले. मनगटात किंवा पाठीत कळ येत असेल, तर त्या दिवशी पान राहू द्या आणि आधी डॉक्टरांना दाखवा.