फोन करणाऱ्यांना अर्थशास्त्र कळत नाही म्हणे

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चांगली तिखट आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबलंय. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या टॉक रेडिओचं, म्हणजे श्रोत्यांचे फोन घेत चालणाऱ्या चर्चेच्या कार्यक्रमांचं, मी कौतुक केलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: रिकामटेकडे लोक फोन करून बोंबलतात, त्यांच्या ओरड्याने एचएसटीसारखा (केंद्राचा आणि प्रांताचा विक्रीकर एकत्र करणारा) शहाणा कर बुडाला, आणि माईकमागची बाई उठून थेट प्रीमियर, म्हणजे प्रांताची मुख्यमंत्री, झाली. मग आपल्या चॅनेलवरच्या रात्रीच्या हाणामारीपेक्षा यात वेगळं काय?

आधी कराचं बघू. मे 2009च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांच्या प्रचारात तो नव्हता, आणि जुलैमध्ये त्यांनीच तो जाहीर केला. हॉटेलातल्या जेवणाच्या बिलावर, केस कापण्यावर तोवर फक्त केंद्राचा 5 टक्के जीएसटी लागायचा. 1 जुलै 2010पासून तिथे 12 टक्के. उद्योगांना खरेदीवर भरलेला कर परत मिळतो, हा अर्थतज्ज्ञांचा मुद्दा बरोबरच होता. पण लोकांचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता: मतं मागायला आलात तेव्हा हे का नाही सांगितलंत? हे विचारायला अर्थशास्त्राची पदवी कशाला लागते? पुढे सरकारने दर टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांवर आणायची तयारी दाखवली, तरी 2011च्या सार्वमतात जवळपास 55 टक्के लोकांनी कर नाकारलाच.

आणि तो नुसत्या ओरड्याने पडला नाही. असा कर रद्द करायचा प्रस्ताव लोकांनी पुढे न्यायचा तर तिथल्या कायद्याप्रमाणे 90 दिवसांत, तेव्हाच्या 85च्या 85 मतदारसंघांत, प्रत्येकी किमान 10 टक्के मतदारांच्या सह्या लागत होत्या. एकटं व्हँकुव्हर पेटवून भागत नाही. पार उत्तरेकडच्या गावांतही टेबल टाकून बसावं लागतं. मोहिमेचे पुढारी बिल व्हँडर झाल्म काही धुतल्या तांदळासारखे नव्हेत. माजी प्रीमियर, 1991मध्ये हितसंबंधांच्या प्रकरणात पायउतार झालेले. म्हणून पाच लाखांवर सह्या खोट्या ठरतात का?

माईकमागून प्रीमियर झालेल्या क्रिस्टी क्लार्कबाईंचं मात्र मलाही खटकतं. पण त्या व्हँकुव्हरच्या सीकेएनडब्ल्यू या रेडिओ स्टेशनवर आल्या 2007मध्ये, आणि त्याआधीच उपप्रीमियर राहून चुकल्या होत्या. रेडिओने त्यांना शून्यातून घडवलं, असं नाही. त्याच स्टेशनवरचे रेफ मेअर उलट्या वाटेने आलेले, आधी मंत्री आणि मग निवेदक. 1992च्या शार्लटटाउन कराराला, म्हणजे कॅनडाची राज्यघटना बदलण्याच्या प्रस्तावाला, दहाही प्रांतांचे प्रीमियर राजी असताना हे गृहस्थ त्याच्यावर तुटून पडले. प्रांताने 68 टक्क्यांनी करार फेटाळला.

राहिली हाणामारी. आपल्याकडे चार प्रवक्ते एकमेकांवर ओरडतात आणि प्रेक्षक बघत बसतो. तिथे मंत्री स्टुडिओत, लाइनवर व्हँकुव्हरजवळच्या सरे शहरातला एखादा टॅक्सीवाला, आणि उत्तर टाळलं की चांगला निवेदक तोच प्रश्न पुन्हा पुढे सरकवतो. आपल्या खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या करायची परवानगीच नाही, आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात. तेव्हा पुण्यातल्या श्रोत्याला अशी लाइन मिळाली तर तो नुसता बोंबलेलच, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?